टपावरचं एक युनिट

महावितरणच्या बिलात एका युनिटला काडीची किंमत नाही. बिल आलं की आपण तळाचा आकडा पाहतो, थोडं चडफडतो आणि भरून टाकतो. महिन्याला किती युनिटं जाळली, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. एक टनाचा एसी दुपारी तासभर चालला की साधारण एक युनिट गेलं. दोन किलोवॅटचा गीझर तेवढंच अर्ध्या तासात खातो. पण हेच एक युनिट रोजच्या रोज गाडीच्या टपावर पिकवायचं, साठवायचं आणि रात्री पुरवून वापरायचं ठरवलं, तर दोन पॅनेलं, अकरा-बारा किलोंची बॅटरी, तीन-चार डबडी, करंगळीएवढी जाड केबल आणि नवरा-बायकोचं एखादं भांडण, एवढा ऐवज लागतो.

डोंबिवलीच्या एका निवृत्त जोडप्याची गाडी तयार होताना मी पाहत होतो. काका बँकेतले, काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपात तिच्या मागच्या सीट काढून दोन पलंग, एक छोटा ओटा आणि खाली कप्पे असं काम काढलं. आधी कोकण किनारा, मग कच्छ आणि गुडघ्यांनी साथ दिली तर स्पिती, असा बेत. हॉटेलं शोधत फिरायचं नाही हा काकांचा हट्ट. दुसऱ्याच्या चादरीवर झोपायचं नाही हा काकूंचा.

अशा कामाला आपल्याकडे ट्रॅव्हलरच का धरतात, तर आत ताठ उभं राहता येतं आणि कुठल्याही घाटाखालच्या मेस्त्रीला ती उघडता येते. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तरी लोकांच्या तोंडून ‘टेम्पो’ काही गेला नाही. सीट काढण्याआधी आरटीओचं दार मात्र ठोठावायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणून आपल्या गाडीचे कागद आपोआप सरळ होत नाहीत. विमा कंपनीलाही बदल कळवलेले बरे.

वायरिंगचं काम एका तरुण वायरमनकडे होतं. त्याची आधीची उमेदवारी अँब्युलन्समधली, त्यामुळे बारा व्होल्ट त्याच्या हातातलं. सौर वीज विकणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘किती वॅटचं पॅनेल बसवायचं?’ हा पठ्ठ्या म्हणाला, “काकू, रात्री झोपताना काय काय चालू असतं?” प्रश्न बरोबर होता. टपावर काय बसतं यावरून सुरुवात केली की माणूस टप भरून पॅनेलं लावतो आणि मग उरलेल्या विजेला काम शोधत बसतो.

काकूंनी वही काढली. पहिला मान फ्रिजचा, कारण काकांना इन्सुलिन लागतं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर राहू शकतं, पण तीस अंशांच्या आत. मे महिन्यातल्या गुहागरला तीस अंश पहाटेच भेटले तर भेटतात. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांतच हवीत. बारा व्होल्टवर थेट चालणारा चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना ४५-५० वॅट घेतो. उन्हाळ्यात तो दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ चालू असतो, म्हणजे झाले साडेपाचशे वॅट-तास. दोन लहान पंखे रात्रभर, दोनशे. एलईडी दिवे साठ, फोन साठ, लॅपटॉपवर काकांची बातम्यांची आणि शेअरबाजाराची दोन तासांची बैठक एकशेवीस, पाण्याचा छोटा पंप पंधरा. बेरीज एक हजार पाच. काकूंनी पाच सोडून दिले आणि खाली रेघ मारली: एक हजार वॅट-तास, म्हणजे एक युनिट.

मग मिक्सर निघाला.

“मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे, काकू,” वायरमन म्हणाला. “त्यापेक्षा चटणी घरूनच वाटून घ्या ना.”

“ओल्या खोबऱ्याची? तिसऱ्या दिवशी तू खाशील का?”

“अगं, दहा दिवस चटणी नाही खाल्ली तर काय बिघडतं?” काका मध्ये पडले आणि तिथेच चुकले.

हे भांडण मला फार उपयोगाचं वाटलं, कारण साठा आणि प्रवाह यांतला फरक त्यातून जितका स्वच्छ कळतो तितका कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही. चटणी दोन मिनिटांत होते. साडेसातशे वॅट दोन मिनिटं म्हणजे पंचवीस वॅट-तास; दिवसाच्या हिशेबात ते दिसतसुद्धा नाहीत. अडचण साठ्याची नाहीच. मिक्सर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो आणि सहाशे वॅटचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. हजार वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा, क्षणिक दोन हजार झेलणारा इन्व्हर्टर घेतला तर जमेल. पण हजार वॅट बारा व्होल्टवर म्हणजे ऐंशी-नव्वद अँपिअर. त्यासाठी २५ स्क्वेअर एमएमची केबल हवी, मोठा फ्यूज हवा आणि बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटला शंभर अँपिअर झेपायला हवेत. म्हणजे खर्च वाढला तो विजेचा नाही, त्या दोन मिनिटांच्या ताकदीचा. इलेक्ट्रिक किटलीचं तसंच. दीड लिटर पाणी उकळायला दीडशेच्या आसपास वॅट-तास पुरतात, पण दीड हजार वॅटची किटली सव्वाशे-दीडशे अँपिअर मागते. किटली आणि इंडक्शन यादीतून गेले. मिक्सर राहिला. काकूंच्या बाजूने गणित होतं.

हजाराचा इन्व्हर्टर आला तशी एक छुपी गळतीही आली. काही जोडलेलं नसतानाही असा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला दहा-पंधरा वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तर अडीचशे ते साडेतीनशे वॅट-तास, म्हणजे पाव युनिटाहून जास्त, कुणाच्याही नावावर न पडता उडून जातात. म्हणून फ्रिज, पंखे, दिवे, फोन सगळं थेट बारा व्होल्टवर आणि इन्व्हर्टरला ओट्याजवळ वेगळा खटका. चटणी झाली की बंद.

आता टप. चालत्या वाहनांवरच्या सौर विजेचा इतिहास काढायचा तर दोन उदाहरणं पुरेत. २०१७ च्या जुलैत दिल्लीच्या सफदरजंग स्थानकातून टपावर पॅनेलं लावलेली डेमू गाडी सुटली, तेव्हा ‘सौर ऊर्जेवर धावणारी रेल्वे’ असा गाजावाजा झाला; प्रत्यक्षात इंजिन डिझेलचं आणि सूर्याकडे डब्यांतले दिवे-पंखे. त्याच वर्षी जानेवारीत केरळात वायकोमला ‘आदित्य’ नावाची फेरीबोट सुरू झाली, ती मात्र खरोखर सौर विजेवर चालते, कारण बोटीचं छप्पर ऐसपैस असतं आणि चाल संथ. रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही नाही. एका युनिटात विजेवरची मोटार सहा-सात किलोमीटर जाते. तेव्हा टपावरच्या पॅनेलकडून गाडी हलवण्याची अपेक्षा सोडून द्यावी. ते आतल्या माणसांसाठी आहे.

घराच्या गच्चीवर बसतं ते ५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब, मीटरहून थोडं अधिक रुंद आणि अठ्ठावीसेक किलोंचं असतं. वॅटमागे ते स्वस्त पडतं, म्हणून पुष्कळांना मोह होतो. काकांनी १८० वॅटची दोन घेतली: पुढच्या व्हेंटच्या मागे एक, कॅरिअरच्या पुढे एक. एकूण ३६०. महाराष्ट्रात आडव्या पृष्ठभागावर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच-साडेपाच तासांचं भरपूर ऊन मिळतं असं धरायला हरकत नाही. ३६० गुणिले पाच म्हणजे अठराशे. पण पॅनेलवर छापलेले वॅट पंचवीस अंशांच्या काचेवर मोजलेले असतात आणि मे महिन्यात टपावरची काच पासष्टपर्यंत जाते. दर अंशामागे एक टक्क्याचा तिसरा हिस्सा घटतो. तिथेच तेरा-चौदा टक्के गेले. धूळ, पक्ष्यांची कृपा, वायरीतली घट, कंट्रोलरचा वाटा वजा करता सत्तर टक्के उरले तरी भाग्य. म्हणजे साडेबाराशे. एका युनिटाला पुरून थोडं उरतं.

या तापण्यामुळेच टपाला चिकटवायची लवचीक पॅनेलं मला पटत नाहीत. दिसतात देखणी, उंचीही वाढत नाही, पण खालून वारा नसल्यामुळे ती स्वतः तापतात आणि खालचा पत्राही तापवतात. चौकटीचं काचेचं पॅनेल दोन इंच उचलून बसवलं की खालून हवा खेळते आणि टपावर सावली पडते. आतला पंखा थोडा कमी लावावा लागतो, तो फायदा वेगळाच. बोल्ट टपातून आरपार, आतून पट्टी, नायलॉक नट, भोकाभोवती सीलंट. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ऐंशीने जाणाऱ्यांच्या मागे मी तरी गाडी चालवणार नाही. आणि नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवायची. रेल्वेखालच्या बोगद्याशी लावलेल्या लोखंडी कमानीला पॅनेल कितीला घेतलं, याच्याशी देणंघेणं नसतं. कोकणातल्या वाड्यांतून रस्त्यावर झुकलेल्या फणसाच्या फांद्यांनाही नाही.

या सगळ्या खटाटोपातला खरा पेच मात्र तांत्रिक नाही. गाडीला ऊन हवं असतं आणि माणसाला सावली. गुहागरच्या किनाऱ्याला सुरूचं बन आहे. दुपारी बाराला तिथे पोहोचलेला कुठलाही शहाणा माणूस गाडी सुरूंखाली लावणार. अशा पॅनेलमध्ये छत्तीस पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात. एका पेशीवर दाट सावली आली की बाजूच्या डायोडमधून वीज वळते आणि पॅनेलचा अर्धा भाग कामातून जातो. झाडाची सावली तर सगळीकडे ठिपक्याठिपक्यांनी पडते. दिसायला निम्मं ऊन असतं, मीटरवर मात्र दहावा हिस्साही दिसत नाही. कॅरिअरची दांडी, टपावर टाकलेली स्टेपनी, अँटेना यांचीही तीच कथा, म्हणून पॅनेलं त्यांच्या सावलीबाहेर धरायची. काकूंनी तोडगा काढला तो वेळेचा: सकाळी नऊ ते एक गाडी उन्हात आणि माणसं बाहेर, नंतर गाडीही सावलीत. पुण्यामुंबईकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य डोक्यावर आणि आडवं पॅनेल अगदी त्याच्या समोर. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्यही पुण्यात ४८ अंशांवरच असतो. आडव्या पॅनेलला तिथेच पाव भागाची चाट बसते. काही जण कलतं करायचे स्टँड लावतात. रोज टपावर चढायची हौस किती दिवस टिकते हे ज्याने त्याने ठरवावं.

पॅनेलच्या नि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर. बाजारात दोन जातींचे मिळतात, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पॅनेल अठरा व्होल्टला काम करतं, बॅटरी तेराला. पीडब्ल्यूएम पॅनेलला खाली तेरावर ओढतो आणि मधले पाच व्होल्ट वाया जातात, म्हणजे पाव उत्पन्न. एमपीपीटी त्याच फरकातून जास्त अँपिअर काढून देतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत फिरलात तर चारपाचशे रुपयांच्या डबीवर सोनेरी अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेलं दिसेल. आत पीडब्ल्यूएमच असतं. खरा एमपीपीटी हातात घेतला तर जड लागतो. आत कॉइल असते, पाठीला ॲल्युमिनियमचे पंखे असतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. कंट्रोलरला आधी बॅटरी दिसायला हवी, नाहीतर पॅनेलचा मोकळा व्होल्टेज त्याच्या अंगावर येतो.

बॅटरीवर काकांचं मत आधीच ठरलेलं होतं: घरात असते तशी दीडशे एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, ट्युब्युलर. पन्नास-साठ किलोंची, ॲसिडची, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी ती बॅटरी पलंगाखाली घेऊन वरंध घाट उतरायचा, हे ऐकूनच वायरमनने हात जोडले. शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. दीडशे एएच घेऊन पंचाहत्तरच वापरायचे. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर एएच बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॅट-तास, आणि त्यातला ऐंशी-नव्वद टक्के साठा बिनघोर वापरता येतो. दोनतीन हजार वेळा भरते-रिकामी होते. सगळ्या मांडणीत सर्वांत जास्त पैसे हिलाच लागतात, आणि माझ्या मते काटकसर बाकी कुठेही करावी, इथे करू नये.

इथेही आणि वायरीतही. घरगुती वायरमनला २३० व्होल्टची सवय असते. साठ वॅटचा फ्रिज घरात पाव अँपिअर घेतो. गाडीत बारा व्होल्टवर पाच. वीसपट प्रवाह. पण बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून तो निर्धास्त असतो आणि हाताला लागेल ती दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढतो. पाच मीटर जाणं, पाच मीटर येणं, पाच अँपिअर: वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतं. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह आणखी वाढतो, व्होल्टेज खाली जातो, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद पडतो. मालक बॅटरीवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. चार स्क्वेअर एमएम घातली की तीच घट पाव व्होल्टच्या आत येते. आमच्या वायरमनने आणखी एक खबरदारी घेतली: दुकानदारासमोरच वायरीचं टोक कटरने खरवडून पाहिलं. वरून तांबूस आणि आतून रुपेरी निघालं की ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर; परत ठेवायची.

शॉक नसला तरी आग आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणभर हजाराच्या घरात अँपिअर वाहू शकतात आणि पाना लाल होतो. बोटात अंगठी असेल तर काय होईल ते लिहीत नाही, काढून ठेवावी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुणीच वाचवत नाही. पॅनेलकडून येणाऱ्या वायरीला वेगळा खटका. प्रत्येक शाखेला तिच्या वायरीच्या जाडीप्रमाणे फ्यूज. भार किती यावरून नव्हे, वायर किती सोसते यावरून. थिंबलं पकडीने चेपायची नाहीत, क्रिंपिंगच्या हत्यारानेच दाबायची. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर सगळे पुन्हा आवळायचे.

सूर्यभक्तांना न आवडणारी गोष्ट आता सांगतो. फिरत्या गाडीला रोज नवा मुक्काम असेल, तर पॅनेलची फारशी गरजच नसते. इंजिनावरचा अल्टरनेटर तीस अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधून तासाला चारशेच्या आसपास वॅट-तास देतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे किनाऱ्याला उतरेपर्यंत एक युनिट भरून जातं. अल्टरनेटरची वायर सरळ लिथियम बॅटरीला जोडू नये, एवढंच. ती बॅटरी मिळेल तेवढं ओढते आणि अल्टरनेटर जळतो. शिवाय बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज वरखाली करतो, म्हणून चार्जर मध्ये हवाच. पॅनेलची किंमत कळते ती गाडी एका जागी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर. आणि पावसाळ्यात कोकणात उभी राहिली तर तीही कळत नाही. जुलैत ऊन मेच्या जवळजवळ निम्म्यावर येतं आणि मुसळधार दिवशी पॅनेल पेंगतं. त्या दिवसांत गाडी चालवावी किंवा मुक्कामाच्या जागी प्लग मागावा.

स्पितीचा प्रश्न उलटा. तिथे हवा स्वच्छ, थंड, पॅनेल खूश. पण लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. आत लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीचं सर्किट अशा वेळी चार्जिंग तोडतं. म्हणून काकांची बॅटरी पलंगाखाली, माणसांच्या उबेत ठेवली आहे, मागच्या डिकीत नाही. थंडीत पॅनेलचा मोकळा व्होल्टेज वाढतो. दोन पॅनेलं एकामागे एक जोडली की चव्वेचाळीसवरून आणखी वर जातो. कंट्रोलर शंभर व्होल्ट सोसणारा असल्यामुळे ती चिंता नाही.

शेवटचं डबडं बॅटरी मॉनिटरचं. फॉस्फेटच्या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ पूर्ण वेळ १३.२-१३.३ वर टेकलेला असतो, त्यावरून पोटात किती उरलंय ते कळत नाही. ऋण टोकाशी शंट बसवून येणारे-जाणारे अँपिअर मोजावे लागतात. काकूंनी हे खातं स्वतःकडे घेतलं. सकाळी उठल्यावर, दुपारी एकला आणि झोपताना आकडा वहीत उतरतो. शेजारी हवा कशी होती, गाडी किती चालली, चटणी केली की नाही.

कोकणातून परतल्यावर काकांनी कच्छसाठी दुसरी बॅटरी घ्यायचं काढलं. काकूंनी वही पुढे सरकवली. सगळ्यात वाईट आकडा तेहतीस टक्के होता, तोही ढगाळ दिवशी काका इन्व्हर्टर बंद करायला विसरले तेव्हाचा. बॅटरीचे पैसे आता मागच्या टायरांना जाणार आहेत.